खुर्चीखाली ताई असायची

गेल्या महिन्यात सुनेबरोबर कोलशेतला गेले होते. तिच्या ऑफिसातल्या मॅडमनी नवीन घर घेतलं, त्याची पूजा होती. सतराव्या मजल्यावरचं घर. खिडकीतून खाडी दिसत होती, पण खाडीचा वास येत नव्हता. मी कोपऱ्यात कुठे बसता येईल ते बघत होते आणि तेवढ्यात त्या दिसल्या.

दोन खुर्च्या. बसक्या, सागवानी रंगाच्या. पाय बाहेरच्या बाजूला जरा फाकलेले, खाली निमुळते होत गेलेले, नुकतं उभं राहायला शिकलेल्या वासराचे असतात तसे. हात रुंद, आणि पाठीला न् बैठकीला वेताची जाळी.

"बसा ना मावशी," मॅडम म्हणाल्या. "ही जुनी फॅशन आहे, तुमच्या वेळची. आता सगळ्यांना परत हेच हवंय. डोळ्यांना शांत वाटतं, नाही?"

मी हो म्हटलं. बसले. बसल्यावर माझा हात आपसूक बैठकीच्या खाली गेला. खाली सगळं गुळगुळीत होतं. आयती जाळी आणून खाचेत बसवलेली. एकसुद्धा गाठ हाताला लागली नाही. प्रसाद आला, तो घेतला. सून म्हणाली, आई, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, लिफ्टमुळे असेल.

आम्ही कोपरीला राहायचो. आप्पा, ताई आणि मी. आई गेली तेव्हा मी चौथीत होते, त्यानंतर शाळा सुटली. घराला पुढे पत्र्याची पडवी होती. त्या पडवीत आप्पा वेताच्या खुर्च्या विणून द्यायचे. दवाखान्यातल्या, वकिलांच्या, शाळेच्या ऑफिसातल्या, आणि कोलशेतच्या कंपन्यांच्या बंगल्यांतल्या. हातगाडीवर उलट्या घालून खुर्च्या यायच्या, पाय वर केलेल्या.

वेताची साल जुडीने यायची. ती घमेल्यात भिजत घालायची. भिजली की एक वास सुटायचा. ओल्या पेंढ्याचा, त्यात थोडा कच्च्या दुधाचा. तो वास आमच्या केसांना, परकरांना, उशांना असायचा. दारावर मासे घेऊन येणारी कोळीण म्हणायची, "पोरींनो, तुमच्या घरात म्हस बांधलीय का गो?" आप्पा लाखेचं पॉलिश लावायचे त्या दिवशी मात्र स्पिरिटचा वास सगळ्यांवर मात करायचा, आणि भातसुद्धा त्याच वासाचा लागायचा.

विणायला दोघं लागतात. एकटा माणूसही विणतो, पण आप्पांची रीत दोघांची होती. खुर्ची दोन खोक्यांवर ठेवायची. एकाने वर बसायचं, एकाने खाली. वरच्याने पट्टी भोकातून खाली सोडायची, खालच्याने ती ओढून ताणून शेजारच्या भोकातून वर द्यायची. आधी उभी, मग आडवी, मग परत उभी, परत आडवी आणि शेवटी तिरकी. पट्टीची चकाकती बाजू कायम वर. गाठी सगळ्या खाली. म्हणजे खुर्चीत बसणाऱ्याला त्या कधीच दिसत नाहीत.

मी वर असायचे. ताई खाली.

मला समोरासमोर बसून बोलता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. कोणी बघायला लागलं की शब्द घशातच राहतात. पण खुर्चीच्या वरून खाली बोलता यायचं. ताई दिसायची नाही, नुसती तिची बोटं दिसायची, भोकाभोकांतून वर येणारी. आणि तिचा आवाज.

"घे."

"घेतली."

"सोड आता. काय गं, झोपलीस का बारके?"

"नाही."

"मग काय विचार चाललाय?"

आणि मी सांगायचे. आईची आठवण येते ते, शेजारच्या पोरी शाळेत जातात ते, पावडर लावली तर आप्पा रागावतील का ते, सगळं. ताई खालून हं हं करायची. जाळी भरत जायची तसा खालचा उजेड कमी होत जायचा. शेवटची तिरकी पट्टी बसली की ती गुडघे दाबत बाहेर यायची. तिच्या कपाळावर भुसा असायचा आणि ती म्हणायची, "झालं. आता कोणीतरी येऊन बसेल ह्याच्यावर."

मॅडमकडे होत्या तशाच दोन खुर्च्या आमच्याकडे आल्या, त्या कोलशेतच्या एका बंगल्यातल्या. साहेबांची बदली झाली. आप्पा कामाचं विचारायला गेले तेव्हा सामान बांधून झालं होतं. बाई म्हणाल्या, आता कुठे नेऊ, तुम्हीच ठेवा. आप्पांनी दोन्ही खुर्च्या डोक्यावर घेऊन घरी आणल्या. चालत.

आमच्याकडे खूप खुर्च्या यायच्या, पण अशा नाही. एरवीच्या खुर्च्यांना पाठीवर वेलबुट्टी, पायाला वाघाचे पंजे. पुसता पुसता कपडा अडकायचा. ह्यांना काहीच नव्हतं. साधं लाकूड, कुठेच कोन टोचत नाही. एका हाताने उचलता येणारी. आमची खोली एवढीशी, पण त्या ठेवल्या तरी खोली भरल्यासारखी वाटायची नाही, कारण त्यांच्या खालून जमीन दिसायची, केर काढता यायचा. आणि पाठ अशी मागे कललेली की बसलेल्या माणसाला ताठ राहताच यायचं नाही. आमच्यात बायका खाली बसतात. ताई मात्र संध्याकाळी दार लोटून घ्यायची आणि त्या खुर्चीत मागे रेलून बसायची. बैठक फाटलेली होती, तिच्यावर पाट टाकून. पाय पुढे सोडायची, डोळे मिटायची.

"कशी दिसते मी?"

"बंगल्यातल्या बाईसारखी."

"मग जा, चहा सांग आत."

गिऱ्हाइकाचं काम आधी, म्हणून आमच्या खुर्च्या तशाच फाटक्या राहिल्या. दिवाळी गेली, शिमगा गेला. मग आत्याने डोंबिवलीचं स्थळ आणलं.

आत्या आली तीच पदर खोचून. "दादा, आधीच सांगते, खुर्च्या विणतो असं तोंडातून काढायचं नाही. मुलगा कंपनीत आहे, स्वतःचा ब्लॉक आहे. मी त्यांना सांगितलंय, वडील फर्निचर लाइनमध्ये आहेत."

"लाइन कसली?" आप्पा म्हणाले. "दोन खोकी आणि एक घमेलं."

"तेच. ते घमेलं मागे टाक. आणि पोरींनो, तुमचे हात दाखवू नका कोणाला."

आमच्या बोटांच्या टोकांना चिरा असायच्या. ताईने आठवडाभर रात्री तूप लावलं.

बसायला काहीतरी हवं म्हणून त्या दोन खुर्च्या आम्ही विणायला घेतल्या. पाहुणे रविवारी येणार होते. शुक्रवारी रात्री शेवटची पट्टी बसली. ओली जाळी दोन दिवस तशीच ठेवायची असते, म्हणजे वाळून ताठ होते. ओली असताना कोणी बसलं तर ती खाली बसते आणि तशीच राहते. हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो.

पाहुणे शनिवारीच आले. मुलाला सुट्टी होती म्हणे.

मुलगा आत आला आणि सरळ खुर्चीकडे गेला. आप्पांनी हात पुढे केला, तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार? कालच विणलीय म्हणून? मुलगा बसला. जाळी कुरकुरली. आप्पा त्याच्या तोंडाकडे न बघता बैठकीकडेच बघत राहिले, कोणाच्या तरी मुलाच्या पायावर चाक गेल्यासारखं तोंड करून. ताई पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. तिनेही आधी खुर्चीकडेच बघितलं, मुलाकडे नंतर.

मुलाच्या आई खुर्चीवर बसल्या नाहीत. "मला खालीच बरं," म्हणाल्या आणि चटईवर मांडी घालून बसल्या. करड्या नजरेच्या, नाकात मोठी नथणी, बोलणं घाटावरचं. बसल्या बसल्या त्यांनी दुसऱ्या खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं.

"चांगल्या आहेत हो. हलक्या. कुठं घेतल्या?"

"घरच्याच आहेत," आत्या पटकन म्हणाली. "त्यांची लाइनच ती."

लग्न ठरलं. त्यांनी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "ह्या दोन खुर्च्या मुलीबरोबर द्या. आमची गॅलरी मोकळी आहे."

टेम्पोत खुर्च्या उलट्या ठेवल्या होत्या. मी त्यांच्या पोटाखालच्या गाठी बघत उभी होते. सगळ्या ताईच्या हातच्या. वरच्या बाजूला एका बैठकीत तिच्या नवऱ्याचा खळगा पडलेला होता, तो गेला नाही.

ताई गेल्यावर खुर्चीखाली आप्पा बसायला लागले. त्यांचे गुडघे दुखायचे, आणि ते बोलायचे नाहीत. "घे", "सोड", बस. मीही बोलायचं सोडून दिलं. कधीकधी पट्टी वर यायची आणि मी सवयीने काहीतरी सांगायला तोंड उघडायचे, मग खालून आप्पांचा खोकला ऐकू यायचा.

डोंबिवलीला मी सणासुदीला जायचे. त्यांचा ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी वारा फिरला की एमआयडीसीतल्या कारखान्यांचा उग्र वास यायचा, मग सगळी बिल्डिंग खिडक्या लावून घ्यायची. खुर्च्या गॅलरीत होत्या, अंगावर दोऱ्याच्या नक्षीचे रुमाल घातलेल्या. भाऊजी पेपर घेऊन त्यांच्या खळग्यात बसायचे. ताई बसायची नाही. तिथे दार लोटून घ्यायची सोय नव्हती.

एकदा स्वयंपाकघरात तिने हात माझ्यापुढे धरले. "बघ."

"काय?"

"बघ ना. मऊ झाले."

मी तिच्या बोटांवरून बोट फिरवलं. चिरा नव्हत्या. लोण्यासारखी बोटं. ती हसली, पण मला ते दुसऱ्याच कोणाचे हात वाटले, आणि तिलाही वाटले असावेत.

जाळी फाटली ती खळग्यापाशीच. फाटणारच होती. सासूबाईंनी कल्याणहून फिरत येणाऱ्या एका विणणाऱ्याला वर बोलावलं. नेमकी मी गेले होते. तो गॅलरीत बसून विणत होता आणि ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. हातात पोळीचं पीठ. पीठ वाळून गेलं तरी ती हलली नाही. नुसती बोटं हलत होती तिची, पदराआड.

तो गेल्यावर तिने मला आत ओढलं.

"तिरकी उलटी घातली गं त्याने. वरून घ्यायची ती खालून घेतली. बाकीच्या पट्ट्यांना कापणार ती, वर्षभरात कापणार."

"मग सांगायचंस ना त्याला."

"काय सांगू? तुला कसं कळतं असं ह्यांनी विचारलं तर?" मग हळूच म्हणाली, "बारके, वाटलं त्याला उठवावं आणि बसावं."

त्या घरात कोणी वाईट नव्हतं. हे मला लिहायलाच हवं. सासूबाई कडक होत्या, पण जेवायला आधी वाढायच्या. भाऊजी मितभाषी. मुलं व्हायची राहिली, त्यावरूनही कोणी तिला टोचून बोललं नाही. फक्त ती माहेरी काय करायची हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. आत्याने तोंडाला लावलेलं कुलूप तिने स्वतःच जपून ठेवलं होतं.

मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, एकावर एक रचून ठेवता येणाऱ्या. ज्यांना परवडलं त्यांनी फोमचे सोफे घेतले. आमच्या पडवीत हातगाडी यायची थांबली. आप्पा गेले. माझं लग्न ठाण्यातच झालं, खोपटला. घमेलं मी बरोबर नेलं, पण त्यात मग तांदूळ धुतले.

ताई आजारी पडली ती थंडीत. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा भाऊजींनी मला जिन्यात सांगितलं, की आता घरीच ठेवा म्हणालेत. मी तिच्याकडे राहायला गेले. तिची खाट गॅलरीच्या दाराशी लावली होती, उजेड यावा म्हणून. समोरच ती खुर्ची. बैठक परत फाटलेली, तिरक्या पट्ट्या तुटून वर आलेल्या. ती दिवसभर तिच्याकडे बघत पडून असायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाली, "बारके, साल मिळेल का गं अजून?"

"कशाला?"

"आई दुपारच्या भजनाला जातात. तेवढ्यात थोडं थोडं होईल."

मी ठाण्याला जाऊन आप्पांच्या ओळखीच्या माणसाकडून जुडी आणली. पिशवीत वर मेथी ठेवली होती. सासूबाई भजनाला गेल्यावर बादलीत साल भिजवली. वास सुटला तशी ताईने डोळे मिटले आणि नुसता श्वास घेत राहिली.

तिला खाली बसता येत नव्हतं. म्हणून खुर्ची खाटेपाशी ओढली, ती वर बसली पाठीला उशा लावून, आणि मी खाली गेले. तोपर्यंत मी कधी खाली बसले नव्हते. खालून वेगळंच दिसतं. सगळीकडे भोकं, प्रत्येक भोकातून एकेक उजेडाचा ठिपका, आणि मध्ये ताईचा चेहरा, तुकड्यातुकड्यांनी. तिला तेव्हा माझा असाच दिसत असणार.

"घे," ती म्हणाली.

"घेतली."

"ओढ. माझ्यात जोर नाही, तूच ओढ."

उभ्या पट्ट्या झाल्या, आडव्या सुरू केल्या. ती दमायची, थांबायची. त्या दुपारी पहिल्यांदा ती सांगत होती आणि मी खालून हं हं करत होते. तिला भीती वाटते म्हणाली. नंतर म्हणाली, हिरवी साडी तू घे, कपाटात ठेवून काही होत नाही.

दारात चपला वाजल्या आणि थांबल्या. भजन लवकर सुटलं होतं. मला खालून सासूबाईंची फक्त पावलं दिसत होती.

"हे कोण करतंय?"

ताईचा हात भोकावरच थांबला. "मी, आई."

"तुला येतं?"

"हो. आम्ही दोघी घरी हेच करायचो. आप्पांचं हेच काम होतं."

पावलं जागची हलली नाहीत. मग त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या, तेव्हा मला त्यांचं तोंड दिसलं.

"मी विड्या वळायचे," त्या म्हणाल्या. "सिन्नरला. लग्नाआधी वळायचे, मागाहूनही वळल्या. इकडं आलो तर ह्याचे वडील म्हणाले, डोंबिवलीत कोणापाशी बोलायचं नाही. नाही बोलले." त्यांनी आपली बोटं उघडून बघितली. "अजून झोपेत वळते म्हणतात."

बादलीतली साल हलली तेवढा आवाज.

"वेडे," त्या ताईला म्हणाल्या, "मग मला सांगायचं नव्हतं का? दोन बायका आपण घरात."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

आणि ताई हसायला लागली. सासूबाई पण. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मला खुर्चीखालून बाहेर येऊन पाठ चोळावी लागली. मी त्या घरात इतकं हसणं कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर लपवायचं काही राहिलं नाही. सासूबाईंनी भजन सोडलं. साल भिजवणं, पुसून देणं त्या करायच्या. "ही बाजू वर का गं?" असं विचारायच्या आणि ताई उशीला टेकून त्यांना शिकवायची. आडव्या झाल्या. दुसऱ्या उभ्या झाल्या. ताईचा आवाज बारीक होत चालला होता, पण सांगणं चालू होतं. तिरक्या राहिल्या होत्या. म्हणाली, उद्या घेऊ, आज बोटं ऐकत नाहीत.

तिरक्या झाल्याच नाहीत.

ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं. कोणीतरी खुर्ची आत आणली, अर्ध्या जाळीवर फळी टाकली आणि वर उशी ठेवली. येणारे त्यावर बसत होते. मी भिंतीपाशी बसून बघत होते.

तेराव्याला परत गेले तर खुर्चीला निळ्या नायलॉनच्या पट्ट्या होत्या. भाऊजींनीच करून घेतल्या होत्या. त्यांना वाटलं, अर्धवट राहिलेलं बघून मला वाईट वाटेल. चांगल्या मनानेच केलं. कापून काढलेली जाळी गॅलरीच्या कोपऱ्यात पडली होती. सासूबाई तिच्याशेजारी बसल्या होत्या, एकेक पट्टी सरळ करत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

मग म्हणाल्या, "इतकी वर्षं माझ्या हाताखाली होती. पोळ्या करते, धुणं धुते, एवढंच मला माहीत. तिला अजून काय काय येत होतं, सांग मला."

मी कोणासमोर बोलत नाही. त्या दिवशी बोलले. सांगितलं की तिला खाडीत पोहता यायचं. आप्पांच्या चालण्याची नक्कल करता यायची. पायात काटा गेला तर दुसऱ्या काट्याने न दुखवता काढता यायचा. परकराच्या तुकड्यांची गोधडी शिवायची. कोळणीशी तिच्याच बोलीत भांडून वर एक बोंबील जास्त घ्यायची. सासूबाई प्रत्येकाला "हो का?" म्हणत होत्या. मध्येच डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "अजून?" दिवेलागण झाली, एमआयडीसीचा वास यायला लागला, बिल्डिंगमधल्या खिडक्या धडाधड लागल्या. आमची उघडीच राहिली.

पुढे त्या घरात सोफा आला आणि खुर्च्या भंगारवाल्याने नेल्या. सासूबाईही जाऊन आता खूप दिवस झाले. कोलशेतच्या त्या मॅडम भल्या आहेत. त्यांनी निघताना परत विचारलं, आवडलं का घर. मी म्हटलं, खूप आवडलं. त्याहून जास्त मला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मला सांगता येणार नाही.

पण त्या दिवशी सासूबाईंना सांगायचं एक राहून गेलं. ताईला शीळ घालता यायची. दोन बोटं तोंडात न घालता, नुसत्या ओठांनी. आणि फार गोड घालायची.